खर्चाची वही

रोजचा खर्च रोज लिहायचा.
वडापाव किती, चहा किती, रिक्षा कुणाच्या नावाची.
दरसुद्धा त्यांनीच ठरवून दिलेले, छापील.
वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही बँकेत होतात, तुम्हीच लिहा.
म्हणून मी.

कुंदा मढवी, वय चोपन्न, बालवाडीच्या बाई.
प्रभाग अकरा, जागा क, अपक्ष.
चिन्ह मागितलं होतं नारळाचं झाड, ते दुसऱ्याला गेलं.
मग बादली, तीही गेली.
चिठ्ठीत निघाला रोड रोलर.
जिचं सगळं भांडण सिमेंटशी
तिच्या नावापुढे रोड रोलर!
ऑफिसच्या पायरीवर बसून ती इतकी हसली
की बंदोबस्तावरच्या पोलिसानं पाणी आणून दिलं.
(पाणी फुकट. नोंद नाही.)

बॅनर एकच. झाडाला खिळा नको, म्हणाली,
दोरीनं बांधा,
आणि दोरी परत आणा.
पोरं वैतागली. समोरच्याचे चाळीस बॅनर,
एकेकावर पंचवीस तोंडं,
आणि आपण दोरी परत आणतोय.

घणसोली गावात, जुन्या आळीत
बारकीआय ओटीवर कोलीम निवडत बसली होती.
"निवडून येशील गं बाय,
पन खारीन आता निवट्या नाय गावत. त्या आनशील का?"
वहिनी म्हणाली, आणीन असं नाही सांगत.
उघाडी मोकळी करून बघते.
मी कपाळाला हात लावला.
मतदाराला 'बघते' सांगायचं नसतं.

सेक्टरमधल्या टॉवरात, बाराव्या मजल्यावर,
सेक्रेटरी देशमाने म्हणाले, मॅडम, पार्किंगचं बोला.
मग खिडकीतून बोट दाखवलं,
ते सगळं काळं दिसतंय ना,
तिथे निदान दिवे तरी लावून घ्या. जॉगिंग ट्रॅक होईल.
वहिनी काचेला नाक लावून बघत राहिली,
तिच्याच बालवाडीतल्या पोरीसारखी.
ती तिवरं आहेत, म्हणाली.
माझे सासरे तिथून मिठागरावर जायचे.
उधाणाचं पाणी आधी तिथे येतं, जरा बसतं,
मग त्याला तुमच्या बेसमेंटची आठवण राहत नाही.
कुणी हसलं. कुणी घड्याळ बघितलं.
एका मुलीनं विचारलं, रात्री तिकडून आवाज कसले येतात?
तिच्याशी वहिनी वीस मिनिटं बोलली.
मुलगी सातवीत. मत नाही.

शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या रॅल्या होत्या,
आणि साडेनऊला ओहोटी.
आम्ही उघाडीत उतरलो.
गमबूट दोन जोड, सातशे ऐंशी रुपये.
फळ्यांत अडकलेलं ओढून काढलं,
दुधाच्या पिशव्या, मखराचं थर्माकोल, एक अख्खी गादी,
आणि गेल्या खेपेचे झेंडे, सगळ्या पक्षांचे,
चिखलानं एकाच रंगाचे झालेले.
मग पाणी सुटलं.
म्हैस टाकीत तोंड घालते तसा आवाज.
सात माणसं होतो. फोटो काढायचं
एकालाही सुचलं नाही.

एक हजार एकशे सहा मतं. तिसरा नंबर.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी बोट ठेवलं.
गमबूट? प्रचारात गमबूट कशाला?
मी म्हणालो, चिखल होता.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, रकाने बघितले,
मंडप, ध्वनिक्षेपक, वाहन, खानपान,
आणि 'इतर'मध्ये सरकवून शिक्का मारला.

घरी आलो तर वहिनी नाही.
चप्पल दाराशी. गमबूट नाहीत.
ओहोटी कधी आहे
ते मला हल्ली न बघता कळतं.

एक चूक मात्र राहिलीच वहीत.
दोरीचे साठ रुपये मी खर्चात दाखवलेत,
आणि दोरी तर इथेच आहे,
गुंडाळून, खुंटीला.